डिचोली, कुडतरी, लिस्बन: एका मुलीच्या नावाचं प्रकरण

माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या पावसाळ्यात मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, म्हणजे गोव्यात डिचोलीला. जावई दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातला, कुडतरीचा. घर कॅथलिक, घरातली बोली कोकणी. त्याच्या आईला मी इथं शामायच म्हणते, कारण बाळाची ती शामाय, बापाकडची आजी. मुक्तीच्या वेळी, १९६१ साली, ती दहा वर्षांची होती. तोवर शाळेत शिकलेली पोर्तुगीज तिच्या तोंडात अजून आहे. हिशेब आणि प्रार्थना त्याच भाषेत चालतात. जावई लिस्बनला नोकरी करतो. त्याची बहीण लग्नानंतर तिकडेच स्थायिक झाली, आणि तिची नऊ वर्षांची मुलगी तिथंच जन्मली. माझी बहीण बाळ सहा महिन्यांचं झालं की तिकडे जाणार होती.

म्हणजे बाळाला मराठीत हाक मारणारी माणसं डिचोलीत, कोकणीत हाक मारणारी कुडतरीत, आणि शाळेत हजेरी घेणारी बाई पोर्तुगीज. नाव असं हवं होतं की मराठीत ते मराठी वाटावं आणि पोर्तुगीजमध्ये कुणी अडखळू नये. मी सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवते आहे. बहिणीनं पहिल्याच आठवड्यात वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, तू बघ." पुढच्या साडेचार महिन्यांत काय घडलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे. या वाटेनं जाणारी घरं गोव्यात आता पुष्कळ आहेत, आणि माझी सुरुवात चुकीच्या टोकानं झाली होती.

मी अर्थाकडून सुरुवात केली. शब्दकोश घेऊन बसले. दोन्हीकडे चांगला अर्थ निघेल, निदान वाईट निघणार नाही, अशी नावं गोळा केली. घरच्यांच्या इच्छा वेगळ्या होत्याच. आमच्या आईला तिच्या आईचं नाव हवं होतं, मंजुळा. बहिणीच्या मनात जुई. माझ्या मनात शर्वरी. शामायची एकच इच्छा, रिता. संत रितावर तिची श्रद्धा आहे. आमच्या घरी बाळ बघायला आली तेव्हा तिनं ते सांगितलं, "रिता दवर गो, बरें नांव."

आई गप्प झाली. पाहुण्या गेल्यावर म्हणाली, "भरल्या घरात रिता कशाला?" रीटा म्हटलं तर आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही, पण ते इंग्रजीतून आलेलं उच्चारण. शामायच्या तोंडचा त अगदी आपला दंत्य त. रिता हंडा, रित्या हातानं परतला, यातला. मी हे तिला कसं सांगावं या विचारात आठवडा घालवला. शेवटी बहिणीनंच फोनवर सांगितलं. शामाय क्षणभर थांबली आणि म्हणाली की कोकणीतही रितें म्हणजे रिकामंच की. तो शब्द ती रोज वापरते, ते नावही जन्मभर घेत आली, पण दोन्ही कधी एकत्र आठवले नव्हते.

या एका वाक्यानं मला शब्दकोश बाजूला ठेवायला लावला. रुळलेलं नाव अर्थापासून सुटं होतं. मंगेशीच्या मंगेशकरांची लता आपल्या कानाला वेल म्हणूनसुद्धा ऐकू येत नाही, ती लता म्हणूनच ऐकू येते. अर्थ बोचतो तो नाव नवखं असतं तिथं. आणि आमच्या बाळाचं नाव लिस्बनच्या वर्गात नवखंच असणार होतं. तेव्हा तिथल्या कानाला ते कसं लागतं, हे तिथल्या कानालाच विचारायला हवं होतं.

आम्ही तेरा नावं रोमन अक्षरांत कागदावर लिहिली. उच्चार सांगितला नाही, अर्थ सांगितला नाही. कागदाचा फोटो जावयाच्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तिच्या मुलीला एकेक नाव मोठ्यानं वाचून व्हॉइस मेसेज करायला सांगितलं. नऊ वर्षांचं मूल, मराठीचा गंध नाही, घरात कोकणी ऐकून कळते एवढंच. तिच्याइतकी खरी परीक्षा आम्हाला कुठल्याच यादीतून मिळाली नसती.

लता वाचून ती खुदकन हसली. पोर्तुगीजमध्ये लाता म्हणजे पत्र्याचा डबा. माला म्हणजे प्रवासाची बॅग. उमा वाचल्यावर तिनं विचारलं, "उमा काय?" कारण स्त्रीलिंगी नामाआधी लागणारं 'एक' तिच्या भाषेत उमा असं आहे, बाई हजेरीला उमा म्हणणार आणि वर्ग पुढच्या शब्दाची वाट बघणार. इरा म्हणजे क्रोध. मीना म्हणजे खाण, आणि डिचोलीच्या लेकीला खाणीचं नाव देणं आमच्याकडेच कुणाला रुचलं नसतं. आमच्या बाबांचं निम्मं आयुष्य खनिजाच्या ट्रकांच्या धुळीत गेलं आहे. कला तिनं काला वाचलं, म्हणजे 'गप्प बस'. तारा तिनं सरळ वाचलं, काही बोलली नाही. नंतर तिच्या आईनं वेगळा मेसेज करून सांगितलं की हे नको, विकृतीला तिकडे तोच शब्द आहे, पोर मोठी झाल्यावर मुलं चिडवतील. तारा हे नाव जगभर चालतं असं मी ठामपणे म्हणत आले होते.

जी नावं अर्थात अडकली नाहीत ती उच्चारात अडकली, आणि या बाजूला मी अधिक वेळ दिला. राधाचा पहिला र तिनं घशातून काढला, कारण पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र घशातला असतो. ध चा द झाला. मीरा मात्र छान वाचलं, कारण शब्दाच्या मधला एकटा र आपल्यासारखाच जिभेच्या टोकावर वाजतो. ह तिकडे लिहितात पण म्हणत नाहीत, म्हणून हेमाची एमा झाली. जुईचा ज मऊ होऊन झुईसारखं काहीतरी आलं आणि जोर शेवटच्या ई वर पडला. त्यांच्याकडे इकारान्त शब्दाचा आघात सहसा शेवटी असतो. बहिणीनं तो मेसेज तीनदा ऐकला. मग वहीतल्या जुईवर स्वतःच रेघ मारली.

शर्वरीचं काय झालं ते ऐकून मला वाईट वाटलं. आपण श लिहायला इंग्रजी पद्धतीनं एस आणि एच जोडतो. पोर्तुगीजमध्ये ती जोडीच नाही. तिथं श लिहायला एक्स किंवा सी-एच. रोमी, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या कोकणीनंही तेच घेतलं आहे. शामायच्या प्रार्थनेच्या पुस्तकात शांतीची सुरुवात एक्सनं होते. नाव एक्सनं लिहावं तर इकडे पणजीपासून पुण्यापर्यंत कुणालाही ते वाचता येणार नाही, आणि एस-एचनं लिहावं तर तिकडे सार्वारी. एका वर्णासाठी मुलीला आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसावं लागेल. श असलेली सगळी नावं आम्ही सोडून दिली. वहीत ती सोळा होती.

राहिली मंजुळा. मुलीनं मांझूला असं वाचलं. आईला मेसेज ऐकवला नाही, पण तिला कळलंच.

इथं माझी एक चूक सांगायला हवी. मी गृहीत धरून चालले होते की ळ आमच्याकडचा आणि कुडतरीकडच्यांना तो जमणार नाही. बहिणीला तसं बोललेही, शामायला कशाला त्रास. पुढच्या रविवारी आम्ही बाळाला घेऊन कुडतरीला गेलो. शामाय अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत म्हणाली की मळब काळें जालां. मग दिवसभर माझे कान तिच्या तोंडाकडे. सगळें, केळें, फळ, मोगऱ्याच्या कळ्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा तिचा ळ स्वच्छ. तिचे महाप्राण मात्र सैल आहेत, धुवर म्हणताना ध पुरता उमटत नाही, पण ळ आणि ण ही तिची स्वतःची अक्षरं. रोमी कोकणीत सगळें लिहिताना ळ साठी दोन एल घालतात, तेही तिनंच मला दाखवलं. १६१६ साली त्याच सासष्टीत, राशोलला, फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं आणि त्याची भाषा मराठी होती. मराठी आवाज रोमन अक्षरांत बसवायचा प्रश्न तिथं चारशे वर्षांपूर्वी येऊन गेलेला. आणि मी, मराठीची बाई, सासष्टीला ळ येत नाही असं समजून बसले होते.

म्हणजे अडचण दोन घरांमधली नव्हतीच. मराठी आणि कोकणी या बाबतीत एकाच बाजूला होत्या. अडचण होती लिस्बनमध्ये वाढणाऱ्या पिढीची, नऊ वर्षांच्या त्या मुलीची आणि उद्या आमच्या बाळाची.

कागदाचं थोडक्यात सांगते. प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी फॉर्म आला तेव्हा नावाची जागा भरून टाका म्हणून घाई झाली. घाई करायची काही गरज नसते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नोंद नावाशिवाय होऊ शकते. नाव बारा महिन्यांच्या आत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आम्ही जागा रिकामी ठेवली, आणि या सगळ्यात घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता. दाखल्यावरचं अक्षर न् अक्षर आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून तोच दाखला लागतो. पोर्तुगालच्या बाजूला नियम असा की नावात जास्तीत जास्त दोन नावं आणि चार आडनावं. नाव साधारणपणे पोर्तुगीज वळणाचं हवं, पण आईबापांपैकी कुणाचं नागरिकत्व वेगळं असेल तर परदेशी नाव चालतं. म्हणजे कायद्यानं मंजुळाही चाललं असतं. आपल्या पद्धतीनं मधे बापाचं नाव घालायचं नाही, एवढं मात्र जावयानं निक्षून सांगितलं, कारण तिकडे ते मुलीचंच दुसरं नाव समजतील.

चर्चचा प्रश्न शामायनं स्वतःच मिटवला. ख्रिस्ती नावच हवं, नाहीतर जोडीला संताचं नाव घालावं, असा दंडक चर्चच्या कायद्याच्या १९१७च्या जुन्या संहितेत होता. १९८३च्या संहितेत ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, इतकंच म्हटलं आहे. ती म्हणाली, नाव तुम्ही ठरवा, आशीर्वाद मी मागेन.

तिसऱ्या महिन्यात वहीत चार नावं उरली होती: मीरा, माया, अनया, सारा. सारा मी खोडलं. आपल्याकडे सारा म्हणजे शेतसारा, हे आजकालच्या मुलांना माहीत नाही, पण आमच्या आईला माहीत आहे. बाकी तीन वाईट नव्हती. मायेचा तर मराठी अर्थ किती उबदार आहे, आणि पोर्तोजवळ माया नावाचं शहरही आहे. पण वही समोर ठेवून बघताना मला खिन्न वाटायला लागलं. दोन भाषांत चालेल असं नाव शोधताना आम्ही एकेक करून श, ह, ज, ध, भ, ण, ळ गाळून टाकले होते. उरले म, न, ल, य, मधला र आणि स्वर. अशी नावं कुठंच अडत नाहीत, कारण त्यांना कुठलाच कंगोरा उरलेला नसतो. गोव्यातल्या माझ्या वर्गात आत्ताच दोन अनया आणि तीन मायरा आहेत. ज्या भाषेनं मंजुळा हा शब्द घडवला, त्या भाषेचा एक तरी आवाज या मुलीजवळ राहावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, पण हाक मारायला सोपं हवं." तिचंही खरं होतं. परक्या शहरात रोज नाव दुरुस्त करत बसणं तिच्या मुलीला करायचं होतं, मला नव्हे.

नाव आलं ते वहीबाहेरून. शामाय क्रोशाची टोपी विणत होती. बाळाकडे बघून म्हणाली, ही माझ्या थोरल्या बहिणीवर गेली आहे, लीनावर. बहिणीचं खरं नाव कॅरोलिना, घरात तिचं शेपूट तेवढं राहिलेलं. आमच्या आईनं मान वर केली. "लीना? म्हणजे चरणी लीन ती लीना?" आमच्या घरी हरिपाठ रोज असतो, लीन हा शब्द आईच्या तोंडचा. शामायला तो अर्थ ठाऊक नव्हता, आईला कॅरोलिना ठाऊक नव्हती. एक लीना युरोपातल्या कार्ल नावाच्या लांबच्या वंशातली, दुसरी संस्कृतातल्या 'ली' धातूची, विरघळून जाणं, चिकटून राहणं. दोघींचं मूळ कुठंही मिळत नाही, आणि दोन्ही आज्यांना ते नाव आपल्याच घरातलं वाटलं. माया-मीरापेक्षा हे वेगळं होतं. तिथं एका बाजूचं नाव दुसऱ्या बाजूला खपवून घ्यायचं होतं. इथं दोघींजवळ ते आधीपासून होतं.

लिस्बनला पाठवलं. मुलीनं एका दमात वाचलं, लीना, आणि विचारलं, "ही कोण?" म्हणजे तिला ते माणसाचं नाव म्हणून कळलं. आधीच्या तेराही नावांत असं झालं नव्हतं.

मग स्पेलिंग, आणि त्यावर आणखी तीन आठवडे गेले. आपण ई साठी सवयीनं दोन ई जोडतो. पोर्तुगीज वाचणारा ते लेएना असं वाचेल. एक आय घातला तर पोर्तुगीजमध्ये बरोबर लीना, पण इंग्रजी शाळेतली बाई लायना म्हणू शकते. जावयाचं मत आय, बहिणीचं दोन ई. मी आय च्या बाजूनं बोलले, दोन कारणांनी. पहिलं, मूल वाढणार तिकडे. दुसरं, गोव्यातला माणूस पोर्तुगीज लेखन वाचायला जन्मापासून शिकलेला असतो. आमच्या डिचोलीचं जुनं स्पेलिंग बी नं सुरू होतं आणि एम नं संपतं, कुडतरीतल्या ड च्या जागी आर आहे, तरी एकही बसवाला कधी चुकलेला नाही. इथं कुणी लायना म्हटलं तर एकदा सांगितलं की झालं.

आणि मंजुळा? पोर्तुगालात दोन नावं चालतात, दाखल्यावरही चालतात. लीना मंजुळा. पहिलं हाकेचं, दुसरं जपून ठेवायचं. दोन एल घालून ळ दाखवावा का यावर मी एक रात्र विचार केला, पण तो संकेत रोमी वाचणाऱ्यांनाच कळणार. इतर ठिकाणी नुसती चूक वाटेल. एकच एल ठेवला. आईनं विचारलं, "मग ळ कुठं राहिला?" मी म्हटलं, "तो आपण तोंडानं शिकवायचा." हे उत्तर तिला पुरेसं वाटलं नाही, आणि मलाही त्या वेळी वाटलं नव्हतं.

बारसं बाराव्या दिवशी झालंच नव्हतं. ते आत्याची रजा बघून नाताळच्या सुट्टीत केलं. घुगऱ्या, पाळणा, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, सगळं आमच्या पद्धतीनं. शामाय वालाच्या शेंगा सोलाव्यात तसं मन लावून सगळं बघत होती आणि बाळाला मांडीवर घेऊन नेता, नेता म्हणत होती. पोर्तुगीजमध्ये नेता म्हणजे नात. आमच्या शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, बरोबर आहे, नेताच होणार ही. कुणीच कुणाला दुरुस्त केलं नाही.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती वाकली, कुर्र केलं, दोन्ही नावं नीट सांगितली. तिचं बालपण कुडतरीचं आहे. मग तिच्या मुलीनं हट्ट धरला की मलाही सांगायचं. तिला पाळण्याशी उभं केलं. तिनं हाताचा आडोसा करून म्हटलं, "लीना मंजुला."

"तशें न्हय गो," शामाय मागून म्हणाली. "जीब वयर व्हर." तिनं नातीची हनुवटी धरून स्वतःचं तोंड उघडून दाखवलं, जीभ टाळूला कशी वळवायची ते. पाळण्याची दोरी आईच्या हातात तशीच थांबली. मुलीनं दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा ल आणि ळ च्या मधलं काहीतरी आलं. शामायनं मान हलवली आणि पुन्हा म्हणायला लावलं.